समोरची खुर्ची

महाडच्या दिवाणी कोर्टात आप्पासाहेब फणसे वकिलांची एक खोड सगळ्यांना ठाऊक होती. समोरच्या वकिलाची खुर्ची रिकामी असली की ते उठतच नसत. पट्टेवाला पुकारा करायचा, वादी-प्रतिवादींची नावं व्हरांड्यातून पार आवारापर्यंत जायची, सबजज्जसाहेब चष्म्यावरून बघायचे, आणि आप्पासाहेब डोक्यावरची पगडी सारखी करत आपल्या जागी बसून राहायचे. "चालवा, आप्पासाहेब," असं साहेबांनी म्हटलं की बसल्या जागेवरून हात जोडून म्हणायचे, "साहेब, समोर गडी नाही." नव्याने बदलून आलेल्या साहेबाला ही बेअदबी वाटे. मग एखादं वर्ष गेलं की त्यालाही सवय होई, आणि तोच पुकाऱ्याआधी पट्टेवाल्याला विचारी, "आप्पासाहेबांचा गडी आला का?"

मी सनद घेऊन महाडला आलो तेव्हा त्यांच्या घरासमोरच खोली भाड्याने घेतली. दुसऱ्याच दिवशी सकाळी ते दारात उभे. काळा अल्पाकाचा कोट, हातात तपकिरीची डबी, आणि डावा कान पहिलवानाचा असतो तसा मोडून गड्डा झालेला. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, "बरं झालं आलात. गावात एक गडी वाढला." मी ते शिष्टाचाराचं बोलणं समजलो. त्यांना ते अक्षरशः म्हणायचं होतं, हे कळायला मला बरेच दिवस लागले.

कानाची गोष्ट त्यांनीच सांगितली. रविवारी ते सवच्या गरम पाण्याच्या कुंडांवर गुडघे शेकायला जात, आणि मला काम नसल्यामुळे मीही बरोबर जाई. त्या पाण्यात बसले की आप्पासाहेब कोर्टाबद्दल चकार शब्द काढत नसत. बोलत ते कुस्तीबद्दल. तरुणपणी जत्रांतले आखाडे त्यांनी गाजवले होते. एकदा त्यांच्या जोडीच्या गड्याचा पाय आखाड्याकडे येताना मुरगळला. पंचांनी थोडा वेळ वाट बघितली आणि आप्पासाहेबांचा हात वर करून त्यांना फेटा बांधला. "लोकांनी टाळ्या वाजवल्या हो," ते सांगत, "आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाडलं कोणाला मी? हवेला?" तो फेटा त्यांनी पुन्हा कधी डोक्याला लावला नाही. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, पुढे त्याची नातवंडांसाठी दुपटी शिवली.

काकूंचीही या खोडीबद्दल तक्रार असे. "घरात नीट भांडतासुद्धा येत नाही," त्या म्हणत. "मी चुलीपाशी, हे ओटीवर. मी काही बोलले की म्हणतात, समोर या, मग बोलू. समोर जाईपर्यंत माझा राग निघून जातो आणि हे जिंकतात." आप्पासाहेब यावर तपकिरीची चिमूट नाकाला लावून डोळे मिटून घेत. आपल्यावरची ही एकच तक्रार त्यांना मनापासून आवडत असे.

त्यांना मी पुरतं ओळखलं ते बाळाजीशेटच्या दाव्यात. बाळाजीशेट हा पोलादपूरचा किराणा दुकानदार. पोटाने गोल, जिभेने तिखट, आणि दावे लावण्याची भारी हौस. पोलादपुरावरच्या डोंगरात, महाबळेश्वरच्या घाटाच्या बाजूला, त्याने एक शेत विकत घेतलं होतं. तिथल्या कोंडावर, म्हणजे डोंगरातल्या वाडीवर, तान्हीबाई नावाची विधवा राही. मुलगा मुंबईला गिरणीत, शेती ही एकटी बघायची. तिच्या भातखाचरात बैल नेण्याची वाट बाळाजीशेटच्या शेतातून जाई. शेटला शेताला चहूबाजूंनी गडगा घालायचा होता, दगडाची सलग भिंत. ही वाट बाईच्या हक्काची नाही असं कोर्टाने ठरवून द्यावं, असा त्याचा दावा. वाट बंद झाली असती तर दुसऱ्या बाजूला घळ होती. माणूस धरून धरून उतरेल, बैल उतरणार नाहीत. बैल नाहीत म्हणजे नांगर नाही, आणि खाचर पडीक.

आप्पासाहेब बाळाजीशेटचे वकील होते. तान्हीबाईच्या बाजूने देवधर नावाचे वकील होते. चांगला माणूस. पण त्यांची एका संस्थानात नेमणूक झाली आणि त्यांना ताबडतोब निघावं लागलं. त्यांनी रीतसर कोर्टाला अर्ज दिला, वकीलपत्र सोडण्याची परवानगी घेतली, आणि बाईचे कागद तिच्याच वाडीच्या एका माणसाबरोबर परत पाठवले. पोचपावतीवर बाईचा अंगठा होता. कोणीही बोट ठेवावं असं त्यात काही राहिलं नव्हतं.

पुढच्या तारखेला मी व्हरांड्यात आप्पासाहेबांशेजारी उभा होतो. फाल्गुनाचं ऊन आवारात चढलं होतं. तान्हीबाई दर तारखेला पहाटेच निघून यायची आणि समोरच्या चिंचेखाली भाकरीचं गाठोडं घेऊन बसायची. आज चिंचेखाली कोणी नव्हतं. आप्पासाहेब सारखे तिकडे बघत होते. एवढ्यात बाळाजीशेट हसत हसत आला.

"वकीलसाहेब, आज काम सोपं. बाई नमली."

"कशावरून?"

"कशावरून म्हंजे? माझ्या घरी नारळाची भकल धाडलान. परसाद म्हनून."

आप्पासाहेबांचा तपकिरीचा हात नाकाकडे जाता जाता थांबला. "आणि तुम्ही काय केलंत?"

"मी काय करनार? घेतली. खोबरं ग्वाड होतं."

आप्पासाहेबांनी डबी बंद करून खिशात टाकली. त्यांची उभी हयात डोंगरातल्या अशिलांत गेली होती, म्हणून ते जे एका क्षणात समजले ते मला त्यांना विचारून घ्यावं लागलं. त्या वाड्यांवर भांडण गावकीपुढे आलं की दोन्ही घरांनी आपापली काठी देवळात पंचांकडे ठेवायची. निवाडा झाला की पंच ज्याची काठी त्याला परत पाठवतात. काठी घरी आली म्हणजे भांडण संपलं. मग देवाला नारळ फोडायचा आणि त्याची एक भकल, म्हणजे अर्धी वाटी, समोरच्या घरी धाडायची, की मनात काही ठेवलेलं नाही. तान्हीबाईला कागद परत मिळाले होते. तिच्या हिशेबी तिची काठी घरी आली होती.

"शेट," आप्पासाहेब म्हणाले, "बाई नमलेली नाही. दावा मिटला असं समजून ती घरी बसली आहे."

"मग बसू दे की! आपल्याला काय?"

"मी आज तारीख पुढे मागणार आहे."

बाळाजीशेटचा चेहरा बघण्यासारखा झाला. "तिच्यासाठी? तुमी? अवो, तुमी कोनाचे वकील?"

"तुमचाच. म्हणून तर मागतोय," आप्पासाहेब अगदी शांतपणे म्हणाले. "आज एकतर्फी हुकूमनामा मिळेल. तुम्ही गडगा घालाल. बाई नांगर घेऊन येईल, गडगा बघेल, मुंबईहून मुलगा येईल, दुसरा वकील करतील, आणि मला काही कळलंच नव्हतं म्हणून अर्ज देतील. कोर्ट ते मान्य करील, कारण ते खरंच आहे. मग गडगा पाडा आणि पहिल्यापासून दावा चालवा. हे तुम्हाला पाहिजे?"

शेटने टोपी काढून डोकं पुसलं, पण त्याला पटल्यासारखं दिसेना.

"आणि समजा ती आलीच नाही," आप्पासाहेबांचा आवाज जरा खाली आला, "तरी मला जमायचं नाही. तुम्हाला दुसरा वकील करायचा असेल तर करा, माझा राग नाही. फक्त तो माझ्या जागी उभा राहीपर्यंत मी तुम्हाला सोडणार नाही."

आत पुकारा झाला. "करा काय करायचं ते," असं म्हणून बाळाजीशेट आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

आत जाऊन आप्पासाहेब नेहमीप्रमाणे बसून राहिले. साहेबांनी कागद चाळले. म्हणाले, "आप्पासाहेब, देवधरांनी परवानगी घेतलेली आहे. प्रतिवादीला कागद पोचल्याची पावती आहे. आता काय अडचण?"

"कागद पोचले, साहेब. बातमी पोचलेली नाही." मग त्यांनी काठी आणि नारळ हे सगळं सांगितलं. साहेब देशावरचे. त्यांनी ते एखादी परीकथा ऐकावी तसं ऐकलं, आणि ऐकून झाल्यावर हसले मात्र नाहीत. वादीची हरकत नसेल तर मुदत देतो, म्हणाले. व्हरांड्यातून बाळाजीशेटचं "नाय हरकत" असं ऐकू आलं, ते एखाद्याचा दात उपटताना निघावा तशा आवाजात. साहेबांनी हुकूम केला की बेलिफाने नोटीस दारावर चिकटवून परत यायचं नाही. बाईच्या हातात द्यायची आणि समजावून सांगायची.

बेलीफ निघाला तेव्हा आप्पासाहेबही निघाले. त्यांना खात्री करून घ्यायची होती. मला काम नव्हतं, म्हणून मीही. पोलादपूरपर्यंत मोटार, पुढे चढण. आप्पासाहेबांचे गुडघे वाटेत कुरकुरत होते आणि ते त्यांना शिव्या देत होते.

तान्हीबाई राब भाजत होती. भाताचं रोप टाकायच्या आधी तिकडे पालापाचोळा, शेण पसरून तेवढा तुकडा भाजून काढतात, तो राब. धुरातून काठीने विस्तव सारखा करत ती उभी होती. तोंड काजळलेलं, पदर कमरेला खोचलेला. बेलिफाला बघून ती म्हणाली, "आता काय राहिलं रे बाबा? मिटला ना दावा?"

"कोनी सांगितलान मिटला?"

"सांगायला कशाला लागतंय? देवधर वकिलानी कागद परत धाडलान. मी नारळ फोडला, शेटला भकल धाडली. त्यानी घेतलान. मग?"

आप्पासाहेब पुढे झाले. "बाई, मी बाळाजीशेटचा वकील आहे. हे आधी लक्षात घ्या. मी काही सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. हा बेलीफ कोर्टाचा माणूस आहे. तो सांगेल ते ऐका."

बेलिफाने नोटीस वाचली. प्रतिवादी इने जातीने अगर वकिलामार्फत हजर राहावे, न राहिल्यास वगैरे. बाई तोंडाकडे बघत राहिली.

"असं नव्हे," आप्पासाहेब त्याला म्हणाले. "काठीचं सांग तिला."

बेलिफाने जरा डोकं खाजवलं. मग म्हणाला, "तान्हाक्का, तुजी काठी अजून देवळातच हाय. भांडान चालू हाय. तुजा मानूस तेवढा दुसऱ्या गावाला गेला. आता दुसरा बघ, कोर्टानी येळ दिलान."

तान्हीबाई मटकन बांधावर बसली. हातातली काठी विस्तवात पडली तरी तिला भान नव्हतं. "म्हंजे गडगा घालतील? मग माजी बैलं कुठनं जातील?"

हा प्रश्न तिने आप्पासाहेबांकडे बघूनच विचारला होता. त्यांनी तोंड डोंगराकडे फिरवलं. तेवढं उत्तर देणं त्यांना शक्य नव्हतं, आणि न देणं त्यांना किती जड गेलं हे मला त्यांच्या मानेवरून दिसत होतं. शेवटी बाईनेच माझ्याकडे बोट केलं. "ह्यो कोन?"

"हाही वकील. पण माझा नव्हे. माझ्यासमोर राहतो."

"कोर्टात तुमच्यासमोर ऱ्हाईल हुबा?"

आप्पासाहेब असे हसले की त्यांना ठसका लागला. "त्यालाच विचारा," एवढंच कसंबसं म्हणाले. मी होकार दिला. त्याबरोबर ते निघाले. "तुम्ही तुमच्या अशिलाशी बोलून घ्या. मी तिकडे जांभळीखाली बसतो. काही ऐकू यायचं नाही, तसाही एक कान मोडकाच आहे." आणि गुडघ्यांना शिव्या घालत ते खरोखरच पार खालच्या जांभळीपर्यंत गेले.

आमचं बोलणं झाल्यावर बाईने नाचणीची भाकरी आणि लसणीची चटणी केळीच्या पानावर घालून स्वतः त्यांच्यापर्यंत नेली. ते संकोचले. ती म्हणाली, "समोरचा झाला म्हनून उपाशी कसा धाडू?" आप्पासाहेबांनी पान दोन्ही हातांनी घेतलं. परत येताना वाटभर त्यांनी गुडघ्यांना एकही शिवी दिली नाही.

मला वाटलं होतं, इतकं केल्यावर आता ते दाव्यात हात राखून लढतील. कसलं काय! त्यांनी माझ्या साक्षीदारांची अशी पिसं काढली की पहिल्या दिवशी मला घरी जेवण गेलं नाही. तान्हीबाईला त्यांनी उलटतपासात घाम फोडला. तीही काही कमी नव्हती. "वाट कधीपासून?" विचारलं तर म्हणाली, "माझ्या सासूला विचारा. ती मेली, तिचा बैल मेला, वाट तेवढी हाय." साहेबसुद्धा हसले. संध्याकाळी मी आप्पासाहेबांकडे जाऊन तणतणलो, "मला उभं कशाला केलंत मग?"

"पाडण्यासाठी," ते म्हणाले. "दुसरं कशासाठी उभं करतात?" आणि काकूंना हाक मारून मला लाडू द्यायला सांगितलं.

शेवटी साहेब स्वतः जागा बघायला आले. तान्हीबाईने बैलजोडी जुवासकट त्या वाटेने त्यांच्यासमोर चालवून दाखवली. निकाल लागला तो असा: शेटने गडगा घालावा, पण जुवासकट जोडी जाईल एवढी मोकळी जागा सोडावी आणि तिला बांबूचं बेडं, म्हणजे उघडझाप करता येणारं फाटक, लावावं. बाळाजीशेटचं शेत गुरांपासून सुटलं, बाईचं खाचर वाचलं. आप्पासाहेबांनी हार मान्य करताना माझी पाठ इतक्या जोरात थोपटली की ती दोन दिवस दुखत होती. आठवडाभराने तान्हीबाईकडून नारळाची भकल आली. एक शेटकडे, एक माझ्याकडे, एक आप्पासाहेबांकडे. या वेळी ती काय सांगत होती याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती.

बाळाजीशेट आप्पासाहेबांना सोडून गेला नाही. उलट दुकानात बसून सांगत असे, "आपला वकील असा हाय की दुश्मनाला पन वकील बघून देतो." मी त्याच्या विरुद्ध उभा राहिलो त्याचा त्याने कधी राग धरला नाही. मला गूळ देताना मात्र वजनात जरा हात आखडे.

पुढे आप्पासाहेब थकले. एकेक काम कमी करू लागले. पण वकीलपत्र सोडायची त्यांची रीत आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. अशिलाला घरी बोलवायचं, नव्या वकिलालाही बोलवायचं, दोघांना समोरासमोर बसवायचं, सगळं सांगायचं, आणि मग अशिलाला म्हणायचं, "आता तुम्ही मला सांगा, मी काय सांगितलं ते." म्हातारीकोतारी माणसं अडखळत सांगत. चुकलं तर ते पुन्हा सुरुवात करत. मगच कोर्टात जाऊन साहेबांना म्हणत, "नवा गडी उभा आहे, साहेब. आता मला मोकळं करा." अशी त्यांनी सगळी माणसं हातातून हातात दिली. राहिला एकटा बाळाजीशेट. त्याचा शेजाऱ्याशी पन्हळीच्या पाण्यावरून दावा चालू होता, आणि शेजाऱ्याचा वकील मी होतो. "तुमी असेपर्यंत मला दुसरा नको," असं म्हणून शेटने ऐकलंच नाही.

आप्पासाहेब गेले ते तारखेच्या आदल्या दिवशी, सकाळी, ओटीवर बसल्या जागी. सावित्रीच्या काठी आम्ही त्यांना पोचवून आलो. सगळं गाव होतं. बाळाजीशेट तेवढा नव्हता. दुकानाचा माल आणायला मुंबईला गेला होता.

दुसऱ्या दिवशी दाव्याचा पुकारा झाला. साहेब नवे, महिन्याभरापूर्वीच आलेले. माझा अशील कानाशी पुटपुटत होता, "वकील नाय, शेट नाय. एकतर्फी करून घ्या, आजच घ्या." मी समोर बघितलं. खुर्ची तिथेच होती, तिच्या हाताला तपकिरीचा डाग होता. मला उठताच येईना. साहेब म्हणाले, "चालवा." मी बसल्याबसल्याच हात जोडले आणि माझ्या तोंडून त्यांचेच शब्द आले. शिरस्तेदार मान खाली घालून पुढची तारीख लिहू लागले. साहेबांनीही ती मान्य केली. अशिलाला व्हरांड्यात सगळं समजावून सांगताना तो किती संतापला होता ते सांगत नाही.

दुपारच्या मोटारीने बाळाजीशेट मुंबईहून परतणार होता, म्हणून मी थांब्यावर जाऊन उभा राहिलो. तो घाईघाईने उतरला. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात कागदात बांधलेली डबी.

"चुकली ना तारीख! मोटार वाटेत बंद पडली हो. वकीलसाहेब रागावले असतील. ही बघा, त्यांच्या आवडीची तपकीर शोधून आनलीय."

मी त्याला सांगितलं. तो तिथेच पिशवीवर बसला. बराच वेळ कागदाची गाठ सोडवत आणि पुन्हा बांधत राहिला. मग डोळे पुसून म्हणाला, "दावा गेला असेल माझा."

"नाही. पुढची तारीख घेतली आहे."

"कोनी?"

"मी."

तो पिशवीवरून उठला. "तुमी? अवो, तुमी कोनाचे वकील?"

"तुमच्या शेजाऱ्याचाच," मी म्हटलं. "म्हणून तर सांगायला आलोय. दुसरा वकील बघा, शेट. चांगला बघा."